पियानोवरची उन्हाळी व्याख्याने: इतिहास पट्टीखाली शोधायचा

उन्हाळी पियानोवर्गाचे वेळापत्रक बहुधा असे असते: सकाळी वैयक्तिक धडे, दुपारी सराव, संध्याकाळी कुणाचे तरी वादन, आणि या सगळ्याच्या मध्ये एक तास व्याख्यानाचा. त्या तासांची वाटणी विषयवार होते. एक दिवस इतिहास, एक दिवस तंत्र, एक दिवस रचनांचे विश्लेषण. ही वाटणीच मुळात चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे. पियानो वाजवण्याचे तंत्र का बदलले याचे उत्तर वाद्याच्या पोटात आहे. वाद्य का बदलले याचे उत्तर संगीतात आहे. आणि संगीतकाराने एखाद्या पानावर अमुक खूण का केली, हे त्याच्यासमोर कोणते वाद्य होते ते कळल्याशिवाय कळत नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी शिकवल्या की विद्यार्थ्याच्या वहीत सनावळ्या जमतात आणि बोटे होती तिथेच राहतात.

म्हणून प्रत्येक तासात तिन्ही हवे. साठ मिनिटांपैकी बोलणे फार तर पस्तीस-चाळीस मिनिटे, उरलेला वेळ विद्यार्थ्यांच्या हातांना. दर दहा मिनिटांत एकदा तरी पियानो वाजलाच पाहिजे. ध्वनिमुद्रण ऐकवायचे तर दीड-दोन मिनिटांपेक्षा लांब नको. त्याऐवजी त्याच आठ मात्रा-खंडांची दोन वेगळी वादने लागोपाठ ऐकवावीत, म्हणजे कान तुलना करायला लागतो. पूर्ण रचना ऐकवली की तिसऱ्या मिनिटाला लक्ष उडते, आणि मग व्याख्याता मुद्दा सांगतो तोवर तो आवाज कुणाच्या कानात शिल्लक नसतो.

पहिल्या तासाला झाकण उघडायचे

पहिल्या तासाला स्लाइड नको आणि संगीतकारांची चित्रेही नकोत. अपराइट, म्हणजे उभ्या ठेवणीचा पियानो असेल तर उत्तमच. त्याचे वरचे झाकण उघडून आतल्या दोन बाजूंच्या खिट्ट्या सोडवल्या की पुढची फळी उचलून काढता येते आणि सगळी अ‍ॅक्शन डोळ्यांसमोर येते, म्हणजे पट्टीपासून हातोडीपर्यंतची सगळी यंत्रणा. ग्रँडची, म्हणजे आडव्या पियानोची, अ‍ॅक्शन पुढे ओढून बाहेर काढावी लागते. ते काम तंत्रज्ञालाच करू द्यावे. ओढताना एखादी पट्टी चुकून दाबली गेली तर तिची हातोडी वर उचलली जाते, वरच्या लाकडी ठोकळ्यात अडकते आणि दांडी मोडते.

मग प्रत्येकाला एकच काम द्यायचे: एक पट्टी जमेल तितकी सावकाश खाली न्या. आवाज येत नाही. पट्टी तळाजवळ पोचताना बोटाला एक बारीकशी अडखळ लागते आणि त्यानंतर पट्टी सैल पडल्यासारखी वाटते. ती अडखळ म्हणजे पियानोचे सगळे रहस्य. आजच्या ग्रँडमध्ये पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते, तेवढ्यात हातोडी ४५ ते ४७ मिलिमीटर वर जाते. तारेपासून दीड-दोन मिलिमीटर उरले असताना तिला ढकलणारा दांडा बाजूला सरकतो आणि हातोडीचा पट्टीशी संबंध तुटतो. शेवटचे अंतर ती स्वतःच्या वेगावर कापते, तारेवर आपटते, परत फिरते. पट्टी हळू नेली तर तिच्याजवळ तो वेगच नसतो, म्हणून तार वाजत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा. हातोडी सुटल्यानंतर बोटाने काय केले याने त्या स्वराला काहीही फरक पडत नाही. पट्टीच्या तळावर दाबून धरणे, बोट थरथरवणे, मनगट तळात रुतवणे, यातले काहीच तारेपर्यंत पोचत नाही. पोचतो फक्त हातोडीचा वेग. डॅम्पर (तार थांबवणारी मऊ गादी) खाली येऊ नये म्हणून पट्टी खाली धरावी लागते खरी, पण त्यासाठी बोटाचे वजन पुरते. पट्टी खाली न्यायला मध्य सप्तकात साधारण ५० ग्रॅम लागतात, आणि धरून ठेवायला त्याहूनही कमी. जोरकस कॉर्ड (एकत्र वाजवलेले अनेक स्वर) वाजवून झाल्यावरही ज्यांचे कोपरापुढचे स्नायू आवळलेले राहतात ते ही ताकद फुकट घालवत असतात, आणि पुढच्या कॉर्डला उशीर होतो तो याच कारणाने.

इथे एक प्रयोग फार उपयोगी पडतो. एकाने मधला सी एकदा बोटाने वाजवावा, एकदा पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने. बाकीच्यांनी डोळे मिटून ओळखायचे. आवाजाची पातळी सारखी राखली तर ओळखणे जवळपास अशक्य होते. आता बोट उंचावरून आपटून वाजवायला सांगा. लगेच ओळखू येते, कारण बोट पट्टीवर आदळल्याचा आणि पट्टी तळावर आदळल्याचा ठोका स्वरात मिसळतो. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेतल्या ओटो ऑर्टमन यांनी १९२० च्या दशकात यंत्रे लावून हेच मोजले होते. काही विद्यार्थी इथे नाराज होतात, कारण वर्षानुवर्षे त्यांना ‘गोड टच’ शिकवलेला असतो. त्यांना सांगावे की गोडवा खरा आहे, पण तो एका स्वरात नसतो. दोन स्वरांच्या पातळीतला फरक, एक संपून दुसरा सुरू होण्यातले अंतर, कॉर्डमधल्या चार स्वरांचे आपसातले प्रमाण आणि पेडल यांतून तो तयार होतो. म्हणजे तो शिकता येतो.

त्याच तासात कॉर्डचा सराव करून घ्यावा. उजव्या हाताने सी-ई-जी-सी, बोटे १-२-३-५. फक्त वरचा सी वाजवायचा. उरलेल्या तीन पट्ट्या त्याच वेळी खाली न्यायच्या, पण इतक्या सावकाश की त्या वाजू नयेत. पहिल्या दहा प्रयत्नांत काहीतरी वाजतेच, बहुधा अंगठा. हाताचा तोल किंचित करंगळीकडे झुकवला आणि बाकीची बोटे आधीपासून पट्टीला टेकलेली ठेवली की जमू लागते. जमल्यावर आतले तीन स्वर हळूहळू ऐकू येतील इतके वाढवायचे. वरचा सूर गातो आणि बाकीचे त्याला धरून राहतात, ती जागा तिथेच सापडते.

दोन अडचणी आणि दीडशे वर्षे

इतिहास सुरू करायचा तो अडचणीपासून. पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच. क्लॅव्हिकॉर्डमध्ये पट्टीच्या टोकाची धातूची पात तारेला जाऊन टेकते. जोर कमी-जास्त करता येतो, पण आवाज इतका नाजूक की मोठ्या खोलीतही पुरत नाही. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हातोडीचा मार्ग धरला. त्यातली मेख अशी की हातोडी तारेला टेकून राहिली तर तोच आवाज ती दाबून टाकते. तिला मारून सुटलेच पाहिजे. पहिल्या तासाला बोटाला लागलेली अडखळ ही त्याची युक्ती आहे. मेदिचींच्या १७०० सालच्या वाद्यांच्या यादीत त्याच्या या वाद्याची नोंद आहे. त्याचे तीन पियानो आज उरले आहेत: १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात, १७२२ चा रोममध्ये आणि १७२६ चा लाइपझिगमध्ये. खास या वाद्यासाठी छापलेले पहिले संगीत म्हणजे लोदोविको जुस्तिनीचे १७३२ चे बारा सोनाटे.

दुसरी अडचण ताकदीची. आवाज मोठा हवा तर तार जाड हवी, जाड तार जास्त ताणावी लागते, आणि ताण वाढला की लाकडी सांगाडा वाकतो. १८२५ मध्ये बोस्टनच्या अ‍ॅल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले, १८४३ मध्ये जोनास चिकरिंगने ती ग्रँडसाठी आणली, आणि १८५९ मध्ये स्टाइनवेने ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा मधल्या तारांवरून तिरक्या नेल्या. हातोडीवरच्या चामड्याच्या जागी फेल्ट (दाबून घट्ट केलेली लोकर) लावण्याचे पेटंट पॅरिसच्या आँरी पापचे, १८२६ चे. आजच्या मोठ्या ग्रँडमध्ये सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण २० टनांच्या घरात जातो.

एवढे सांगून थांबले तर ती सनावळीच. लगेच मोझार्टचे पान काढायचे. ऑक्टोबर १७७७ मध्ये आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो योहान आंद्रेआस श्टाइनच्या पियानोंचे मनापासून कौतुक करतो. त्या जातीच्या वाद्यात पाच सप्तके, लहानशी हातोडी खुद्द पट्टीवरच बसवलेली, वर चामड्याचे आवरण. पट्टी उथळ आणि हलकी, स्वराचे तोंड टोकदार, आणि तो चटकन विरतो. खर्ज स्वच्छ, जवळजवळ बोलल्यासारखा. आता मोझार्टच्या दोन-दोन स्वरांच्या बांधणीच्या खुणा पाहा. पहिला स्वर जरा ठळक, दुसरा सुटता आणि हलका. त्या वाद्यावर दुसरा स्वर आपोआप विरायचा. आजच्या ग्रँडवर तो लोंबत राहतो, म्हणून बोट मुद्दाम लवकर उचलावे लागते. एफ-पी (जोरात, लगेच हळू) ही खूणही तशीच: त्या पियानोवर जोराचा स्वर लगेच उतरायचा, आजच्यावर उतरत नाही. जोर एक पायरी कमी घ्यायचा आणि पुढचा स्वर खरोखर हळू सुरू करायचा. डाव्या हाताची तुटक कॉर्डची साथ उजव्यापेक्षा किमान एक पातळी खाली ठेवायची आणि बोटे पट्टीवरून उचलायचीच नाहीत. नाहीतर सुरावट साथीखाली बुडते, आणि विद्यार्थी ती वर काढण्यासाठी उजव्या हाताला आणखी जोर लावतो.

बेटोव्हेनच्या ओपस १३ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) या सोनाट्याच्या आरंभीचा सी मायनरचा दाट कॉर्ड हे दुसरे उदाहरण. व्हिएन्नाच्या पियानोवर त्यातला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू यायचा. आजच्या वाद्यावर खाली नुसता गोळा होतो. उपाय म्हणजे सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर ठेवून मधले हलके करायचे आणि पेडल कॉर्ड वाजल्यानंतर घ्यायचे. ओपस १० मधल्या तिसऱ्या सोनाट्याच्या पहिल्या भागात चढत गेलेली सप्तकांची रांग शेवटच्या एफ शार्पला अर्धवट तुटते, कारण त्याच्या पियानोच्या पट्ट्या वर एफ ला संपत होत्या. आज तो स्वर भरून वाजवावा की नाही यावर वर्गात वाद होऊ द्यावा. माझ्या मते भरावा. तिथली रचना तो स्वर मागते आणि अडथळा फक्त लाकडाचा होता. पण ओपस ५३ च्या शेवटच्या भागातली घसरत जाणारी हळुवार सप्तके हा वेगळा प्रश्न आहे. तिथे उथळ, हलकी पट्टी गृहीत धरलेली आहे. आजच्या खोल आणि जड पट्टीवर तसे घसरायला गेले की बोटाची कातडी सोलते आणि हळुवारपणाही जातो. बरेच वादक ती दोन्ही हातांत वाटून घेतात, आणि ते योग्यच आहे.

पेडलला एक आख्खा तास

पेडलला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. बहुतेक विद्यार्थ्यांना ते कुणी शिकवलेलेच नसते. पाय पोचू लागला तसे त्यांनी ते आपले आपण उचललेले असते.

इतिहास इथेही मदतीला येतो. सगळे डॅम्पर एकदम उचलण्याची सोय आधी हाताने ओढायच्या खटक्यावर होती. जर्मन वाद्यनिर्माता गॉटफ्रीड झिल्बरमनच्या पियानोंत ती होती. हात वाजवण्यात गुंतलेले असताना खटका पुन्हा पुन्हा हलवता येत नाही. त्यामुळे डॅम्पर उचललेला पियानो हा आख्ख्या परिच्छेदाला द्यायचा एक रंग होता. नंतर तो गुडघ्याच्या दांडीवर आला, मग पायाखाली. पायाखाली आल्यावर तो दर स्वराला बदलता येऊ लागला आणि त्याचे काम स्वर जोडणे हे झाले. आता बेटोव्हेनच्या ओपस २७ मधल्या दुसऱ्या सोनाट्याच्या डोक्यावरची सूचना वाचा: हा सगळा भाग अत्यंत नाजूकपणे आणि ‘सोर्दिनो’शिवाय वाजवावा. इथे सोर्दिनो म्हणजे डॅम्पर. १८०१ मधली ही रचना त्या जुन्या रंगाची आठवण ठेवून आहे. चटकन विरणाऱ्या तारांवर ते शोभायचे. आजच्या ग्रँडवर पेडल तसेच धरून ठेवले तर तिसऱ्या-चौथ्या कॉर्डला सगळा गाळ होतो. दर कॉर्डला स्वच्छ बदलले तर तो तरंगणारा धूसरपणा निघून जातो. मधला मार्ग अर्ध्या पेडलचा.

पण त्याआधी साधे पेडल. मेट्रोनोम ६० वर लावा. एकाच बोटाने, तिसऱ्याने, सी-डी-ई-एफ-जी वाजवायचे; एका स्वराला चार ठोके. पहिल्या ठोक्याला स्वर, दुसऱ्याला पेडल खाली, तिसऱ्याला बोट उचला, चौथ्याला हात पुढच्या पट्टीवर नेऊन ठेवा. पुन्हा पहिल्या ठोक्याला नवा स्वर वाजतो आणि त्याच क्षणी पेडल वर येते. हात खाली, पाय वर. एकच बोट वापरायचे कारण मग स्वर जोडण्याचे काम पेडललाच करावे लागते, बोटांना लपवाछपवी करता येत नाही.

चुका ठरलेल्या आहेत. पाय आधी उचलला तर स्वरांमध्ये भोक पडते. नवा स्वर वाजवताच पाय लगेच परत खाली गेला तर डॅम्परला तारेवर बसायला वेळच मिळत नाही आणि जुना स्वर नव्यात मिसळतो. खर्जात ही चूक जास्त होते, कारण जाड तार थांबायला वेळ घेते. तिथे पेडल वर ठेवण्याचा क्षण लांबवावा लागतो. टाच जमिनीवरून उचलली तर मांडीपासून हालचाल होते आणि अंदाज जातो. तळवा पेडलवरून सुटला तर परत टेकताना धप्प आवाज येतो. आणि हात व पाय एकाच वेळी खाली जाणे ही सगळ्यांत मुरलेली सवय. ती मोडायला वरचा सराव रोज पाच मिनिटे आठवडाभर लागतो, त्याहून कमीत मोडलेली मला माहीत नाही.

अर्धे पेडल शोधायची रीत अशी. पेडल पूर्ण खाली ठेवून खर्जाचा सी जोरात आणि सुटा वाजवा. आता पाय अगदी सावकाश वर येऊ द्या. एका जागी आवाज मरायला लागतो पण पूर्ण मरत नाही. डॅम्परचे फेल्ट तारेला नुसते शिवलेले असते. तीच जागा. प्रत्येक पियानोत ती वेगळी असते, कारण पेडलचा सुरुवातीचा मोकळा चाळा, फेल्टची झीज आणि तंत्रज्ञाने केलेली जुळणी वेगळी. म्हणून अनोळखी पियानोवर बसल्यावर पहिली दोन मिनिटे हेच करावे. ओपस २७ च्या त्या पानात खर्जाचा स्वर बदलतो तिथे पेडल एवढेच वर येऊ द्यायचे: मधल्या स्वरांचा धूर निम्मा निघतो, खर्जाचा पाया टिकतो. सगळ्यात वरच्या दीडेक सप्तकाला डॅम्परच नसतात, हेही दाखवावे. तिथे पेडल स्वर लांबवत नाही, बाकीच्या तारांचे गुंजन तेवढे मिळवून देते.

डावे पेडल ग्रँडमध्ये सगळी अ‍ॅक्शन किंचित उजवीकडे सरकवते. तीन तारांच्या स्वरात हातोडी दोनच तारांवर पडते, शिवाय फेल्टचा कमी दबलेला, मऊ भाग तारेला लागतो, म्हणून आवाजाचा पोतही बदलतो. अपराइटमध्ये ते हातोड्यांना तारेजवळ आणते. आवाज कमी होतो, पोत तोच राहतो. हा फरक माहीत नसला की घरी अपराइटवर बसवलेला हळुवार भाग मंचावरच्या ग्रँडवर अनोळखी वाटतो. ग्रँडच्या मधल्या पेडलचे पेटंट स्टाइनवेने १८७४ मध्ये घेतले; ते फक्त त्या क्षणी दाबून धरलेल्या पट्ट्यांचे डॅम्पर उचलून ठेवते. बऱ्याच अपराइटमध्ये मधले पेडल म्हणजे शेजाऱ्यांसाठी फेल्टचा पडदा, त्याचा संगीताशी संबंध नाही. डिजिटल पियानो असेल तर आधी तपासावे: स्वस्त पेडल फक्त चालू-बंद जाणते, त्यावर अर्ध्या पेडलचा सराव होऊच शकत नाही.

बोटे, अंगठा आणि सुटून परत येणारी हातोडी

तंत्राच्या तासाला सी मेजरपासून सुरुवात करायची प्रथा आहे. शोपॅनने ती उलटी केली. तो बी मेजर आधी शिकवायचा आणि सी मेजर सगळ्यात अवघड मानायचा. कारण हात ठेवून पाहिले की कळते: ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी यांवर पाच बोटे ठेवा. लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. हात आपोआप गोल राहतो. बी मेजरची योजना उजव्या हाताला १-२-३-१-२-३-४-१ आणि डाव्याला चढताना ४-३-२-१-४-३-२-१. अंगठा दर वेळी काळ्या पट्ट्यांच्या गटानंतर येतो, त्याला खाली जायला जागा मिळते. सी मेजरमध्ये सगळे सपाट, म्हणून अंगठा नेण्यासाठी विद्यार्थी मनगट खाली दाबतात किंवा कोपर बाहेर फेकतात आणि अंगठ्याच्या स्वरावर दणका बसतो. अंगठा वेळेवर तयार ठेवणे हा उपाय आहे: दुसरे बोट वाजत असतानाच तो तळव्याखाली सरकू लागला पाहिजे. वेगवान लयीत मात्र अंगठा पूर्ण खाली नेण्याचा नाद सोडून हातच अलगद पुढे न्यावा.

शोपॅनचा दुसरा आग्रह असा की बोटे सारखी नाहीत आणि ती सारखी करण्यात वेळ घालवू नये. प्रत्येकाचा स्वभाव वापरावा. त्याच काळात बाजारात बोटे सक्तीने सरळ ठेवणारी यंत्रे होती. लोजियेच्या कायरोप्लास्टचे पेटंट १८१४ चे आहे. रॉबर्ट शूमानचा उजवा हात १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला बिघडला आणि वादक होण्याचे त्याचे स्वप्न संपले. कारणाबद्दल मतभेद आहेत, पण चौथे बोट वेगळे करून बळकट करण्याचा हट्ट आजही हात बिघडवतो. चौथ्या बोटाचे कंडरे शेजाऱ्यांशी जोडलेले असतात. ते एकटे उंच उचलले जात नाही, आणि जायची गरजही नाही. कोपरापुढच्या हाताच्या बारीक फिरतीने त्याला मदत द्यावी. लंडनच्या टोबायस मॅथेने या फिरतीवर सगळा भर दिला होता. ओपस १३ मधली डाव्या हाताची सप्तकांची थरथर नुसत्या बोटांनी करायला गेले तर दहाव्या खंडाला हात भरून येतो. आधी चार स्वर फिरतीने, मग थांबा. मग आठ, मग थांबा. थांब्यात मनगट सैल झाले का ते दुसऱ्या हाताने हलवून पाहायचे.

एकाच स्वराच्या वेगवान पुनरावृत्तीचा विषय काढला की पहिल्या तासाची हातोडी परत लागते. सेबास्तियाँ एरार याच्या १८२१ च्या दुहेरी सुटकेच्या पेटंटमुळे ग्रँडमध्ये पट्टी पूर्ण वर न येता, साधारण अर्ध्यावरूनच पुन्हा वाजू शकते. पोरवयात पॅरिसला आलेला लिस्ट एरारच्याच वाद्यांवर वाढला, आणि रॅव्हेलच्या ‘अल्बोरादा देल ग्रासिओसो’तले (१९०५) धडधडणारे स्वर या यंत्रावाचून लिहिलेच गेले नसते. अपराइटमध्ये ही सोय नसते. तिथे पट्टी बरीच वर आल्याशिवाय दांडा हातोडीखाली परत बसत नाही. म्हणून तोच भाग अपराइटवर वाजवताना स्वर गळतात आणि विद्यार्थी स्वतःला दोष देतो. अपराइटवर लय थोडी उतरवावी, पट्टीला वर येऊ द्यावे. बोटे ३-२-१ किंवा ४-३-२-१ अशी बदलती ठेवून प्रत्येक बोट पट्टीवरून आतल्या बाजूला ओढून सोडावे, म्हणजे पट्टी मोकळी होते.

सुरांच्या जुळणीवर अर्धा तास पुरतो. मधल्या सी च्या दोन सप्तके खालचा सी आवाज न करता दाबून धरा आणि वरचे सी, जी, सी, ई एकेक करून तोडून वाजवा. खालची तार प्रत्येकाला प्रतिसाद देते, पण ई ला मंद. तारेतला स्वयंभू गंधार पियानोच्या ई पेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, म्हणून दोघांचे नीट जुळत नाही. तंबोरा ऐकलेल्या कानाला हे ताबडतोब पटते. पियानोचा पंचम मात्र स्वयंभू पंचमापेक्षा फक्त दोन सेंटांनी कमी आहे. बाखच्या १७२२ च्या चोवीस प्रिल्यूड-फ्यूगच्या संग्रहाच्या नावातली ‘चांगली जुळणी’ म्हणजे आजची समान जुळणीच (सगळे अर्धे सूर सारख्या अंतरावर) असे सर्रास सांगितले जाते. तसे म्हणायला आधार नाही.

विसाव्या शतकासाठी वेळ उरला तर थेट तारांकडे जावे: हेन्री कॉवेलने १९२० च्या दशकात त्या बोटांनी छेडल्या, जॉन केजने १९४० पासून त्यांत स्क्रू आणि रबर बसवले. प्रात्यक्षिक करायचे तर हात कोरडे हवेत, कारण घामाने तारा गंजतात. डॅम्परला हात लावायचा नाही, आणि वस्तू तंत्रज्ञाला विचारूनच बसवायच्या.

खोलीबद्दल थोडे. पियानो हलवला असेल तर नव्या जागेत काही दिवस राहू द्यावा आणि मग जुळवून घ्यावा. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवता आली तर जुळणी आठवडाभर टिकते. श्रोते पट्ट्यांच्या बाजूला बसवावेत, शक्य असल्यास वरून हात दाखवणारा कॅमेरा असावा. आणि पहिल्याच दिवशी सरावाच्या वेळेबद्दल स्पष्ट सांगावे. घरी तासभर वाजवणारा विद्यार्थी इथे एकदम पाच तास बसतो, आणि तिसऱ्या दिवशी मनगट दुखू लागते. पंचवीस मिनिटांनंतर पाच मिनिटे उठायचे, नेहमीच्या वेळेत रोज थोडीच भर घालायची, आणि दुखले तर त्या दिवशी वाजवणे बंद करून नुसती स्वरलिपी वाचायची.

शेवटच्या दिवशी बहुधा जाहीर धडा असतो. लिस्ट १८६९ पासून उन्हाळ्यात वायमारला असे धडे घेई, पैसे न घेता. विद्यार्थी आपापल्या रचना ठेवून देत आणि तो त्यांतली एक निवडून घेई. बाकीचे ऐकून शिकत. बुसोनीनेही १९०० आणि १९०१ च्या उन्हाळ्यात तिथेच वर्ग घेतले. या पद्धतीत ऐकणाऱ्यांचा तास वाया जाऊ नये याची काळजी व्याख्यात्याने घ्यायला हवी. प्रत्येकाच्या हातात त्या रचनेची प्रत आणि पेन्सिल द्यावी, आणि वादन सुरू होण्याआधी एकच प्रश्न: पेडल कुठे बदलले? किंवा: कॉर्डमधला कोणता स्वर सगळ्यात वर ऐकू आला? एका वादनाला एकच प्रश्न. वाजवणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारावा, आणि त्याचे व ऐकणाऱ्यांचे उत्तर जुळत नसेल तर ते चार खंड पुन्हा वाजवून घ्यावेत.